हाकेला ओ देणारा सॅक्सोफोन

जेम्स ब्राऊनच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्ड्स ऐकताना एक प्रकार पुन्हा पुन्हा कानावर पडतो. गाणं ऐन रंगात आलेलं असतं, बँड एखाद्या यंत्रासारखा चाललेला असतो, आणि हा माणूस गाता गाता मधेच एका वादकाला नावाने हाक मारतो: ‘मेसिओ!’ पुढच्याच क्षणी सॅक्सोफोन सुरू होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते कुणाचं नाव आहे हेही कळत नाही. ब्राऊन इतके हुंकार, किंकाळ्या आणि उद्गार काढत असतो की त्यातलाच हा एक, असं वाटून जातं.

त्या काळाच्या मानाने ही हाक मोठी गोष्ट होती. मोटाऊनसारख्या कंपनीत ज्या वादकांनी एकामागून एक हिट गाणी वाजवली, त्यांची नावं रेकॉर्डच्या कव्हरवर यायला १९७१ साल उजाडावं लागलं, मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत थांबावं लागलं. साथीदाराने यायचं, वाजवायचं, पाकीट घ्यायचं आणि घरी जायचं, अशी रीत होती. इथे मात्र साथीदाराचं नाव थेट गाण्यातच कोरलं गेलं.

माझ्या पिढीला याचा एक वेगळाच फायदा झाला. पुण्यात दोन हजारच्या दशकात आम्ही हे संगीत ऐकलं ते एमपीथ्रीच्या सीड्यांवर. एका सीडीत दीडशे गाणी. कव्हर नाही, माहिती नाही, फायलींची नावंसुद्धा अर्धवट. कोण वाजवतंय हे कळण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे गाण्यातच कुणीतरी ते ओरडून सांगणं. मेसिओ पार्कर हा माझा आवडता वादक झाला तो असा, दुसऱ्याच्या तोंडून. पुढे जर्मनीत राहत असताना, तो सत्तरी ओलांडून गेल्यावर, एका मध्यम आकाराच्या हॉलमध्ये त्याला प्रत्यक्ष ऐकायचा योग आला. मनात एक शंका होती. ज्याची सगळी ओळख कुणीतरी बोलावण्यावर उभी आहे, तो माणूस स्वतःच्या नावाच्या बँडसमोर दोन-अडीच तास काय करणार?

थोडी मागची गोष्ट. मेसिओचा जन्म १९४३ सालचा, नॉर्थ कॅरोलायनामधल्या किन्स्टन गावातला. त्याचा धाकटा भाऊ मेल्विन ड्रमर. ब्राऊनला खरं तर हवा होता मेल्विन. कॉलेजात असताना त्याने एका क्लबमध्ये मेल्विनला ऐकलं आणि कधीही ये, नोकरी तुझीच, असं सांगून ठेवलं. १९६४ साली दोघं भाऊ त्याच्याकडे गेले. मेल्विनने सोबत भावालाही पुढे केलं. ब्राऊनकडे टेनर सॅक्सोफोनवाले होते. तू बॅरिटोन वाजवतोस का, असं त्याने विचारलं. मेसिओ हो म्हणाला आणि मग बॅरिटोनची जमवाजमव करायला लागला. म्हणजे ज्याच्या नावाचा पुढे जगभर पुकारा झाला, तो बँडमध्ये शिरला भावाच्या वशिल्याने आणि भलत्याच वाद्यावर. पुढच्याच वर्षी, १९६५च्या फेब्रुवारीत, ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ रेकॉर्ड झालं. ड्रम्सवर मेल्विन, आणि सोलोसाठी हाक मेसिओला. मग दोघांना लष्करात भरती व्हावं लागलं. मेसिओ परत आला तो १९६७ साली, ‘कोल्ड स्वेट’च्या वेळेला.

‘कोल्ड स्वेट’ जरूर ऐका, हेडफोन लावून, कारण मेसिओचं वेगळेपण त्यात स्पष्ट कळतं. पण त्याआधी ब्राऊन ज्याला ‘द वन’ म्हणायचा त्याबद्दल बोलावं लागेल. द वन म्हणजे पहिली मात्रा. अमेरिकन पॉप संगीतात टाळी पडते ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ब्राऊनने सगळ्या बँडचा भार पहिलीवर टाकला. मराठी वाचक लगेच म्हणेल, ही तर सम. आहेच. पण दोघींचा स्वभाव निराळा आहे. आपल्याकडे सम हे गाठायचं ठिकाण असतं. तबलजी किंवा गवई सोळा मात्रांच्या रानात हिंडतो, तिहाई घेतो, समेवर येतो, आणि पहिल्या रांगेतले काका ‘वाह’ म्हणून हात सोडतात. फंकचं आवर्तन चार मात्रांचं, फार तर आठ. सम इतक्या लवकर येते की तिथे पोचण्यात थरार उरत नाही. सगळे मिळून ती एकदा दणकून देतात, आणि मग उरलेल्या जागेत कोण किती कमी वाजवतो हा खेळ सुरू होतो. गिटारवाला दोनच तारा खरवडतो. बासवाला तीन सूर लावून गप्प बसतो. प्रत्येकाचा तुकडा सुटा ऐकला तर काहीच कळत नाही. एकत्र ऐकला की बसवत नाही.

अशा जागी सॅक्सोफोनने सोलो घ्यायचा म्हणजे अडचणच. जॅझमध्ये सोलोवाल्याला खाली बदलते कॉर्ड्स मिळतात, त्यांच्यावरून चढत-उतरत गोष्ट सांगता येते. ‘कोल्ड स्वेट’मध्ये बराच वेळ हार्मनी एकाच जागी उभी आहे. तिथे लांबलचक तान घेतली तर ती बाकीच्यांच्या मोकळ्या जागांवर चिखल टाकते. मेसिओने काढलेला तोडगा सोपा वाटतो आणि इतरांना फारसा जमत नाही. त्याने सॅक्सोफोनचा ड्रम केला. तो सूर लांबवत नाही, जिभेने तोडतो. एकच सूर तीनदा, चारदा, दर वेळी मात्रेच्या किंचित वेगळ्या कडेवर. मग गप्प. मग पुन्हा दोन सूर. त्याचं शब्दभांडार जॅझवाल्यांच्या मानाने लहान आहे आणि ते कबूल करायला त्याच्या चाहत्यांनी लाजू नये. चार्ली पार्करच्या एका मिनिटात जितके सूर असतात तितके या पार्करच्या अख्ख्या सोलोत नसतील. पण त्यातला एकही सूर हलवून बघा, सगळा डोलारा डगमगतो.

तर तो कार्यक्रम. हॉलमध्ये उभं राहूनच ऐकायचं होतं. आजूबाजूला बहुतेक पन्नाशी-साठीचे जर्मन, काहींच्या अंगावर जुन्या टूरचे टी-शर्ट, हातात बिअर. त्यांचं मेसिओशी जुनं नातं आहे हे विसरून चालणार नाही. अमेरिकेत फंकचा बाजार बसल्यावर या वादकांना दुसरा जन्म मिळाला तो युरोपात. १९९० सालचा ‘रूट्स रिव्हिजिटेड’ काढला मायनर म्युझिक या छोट्या जर्मन कंपनीने. १९९२ सालचा ‘लाइफ ऑन प्लॅनेट ग्रूव्ह’, ज्यामुळे मेसिओ स्वतःच्या नावावर ओळखला जाऊ लागला, तो कोलोनमधल्या श्टाटगार्टनमध्ये प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड झालेला. त्यात त्याच्यासोबत ट्रॉम्बोनवर फ्रेड वेस्ली आणि टेनरवर पी वी एलिस होते, म्हणजे ब्राऊनच्या ब्रास सेक्शनचे तिन्ही खांब. ब्राऊन कुठेच नव्हता, आणि अजिबात अडलं नाही.

मेसिओ आला तो सूटबूट घालून. ब्राऊनच्या शाळेतली माणसं स्टेजवर गबाळी येत नाहीत. तिथे बुटांना पॉलिश नसलं तरी दंड व्हायचा. बासवर रॉडनी ‘स्कीट’ कर्टिस, पार्लमेंट-फंकाडेलिकमधला जुना गडी. पहिलं गाणं सुरू झालं आणि लोकांनी पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर टाळ्या धरल्या. गंमत बघा, ज्या संगीताचा सगळा जोर पहिल्या मात्रेवर आहे, तिथेही टाळी पहिलीवर दिली की सगळं जड होतं, लष्करी परेडसारखं. मागे गाणाऱ्या बाईंनी हात वर करून दुसरी-चौथी दाखवली. आठ-दहा बारमध्ये हॉल सुधारला, आणि अचानक बँड हलका वाटायला लागला. एका सुराचाही फरक न करता.

मग तो त्याचा नेहमीचा विनोद आला. बँड एक हळुवार जॅझचा तुकडा वाजवतो, लोक डोळे मिटायला लागतात, आणि मेसिओ थांबवून सांगतो की आम्ही हे वाजवू शकतो, पण वाजवत नाही. आमच्याकडे दोन टक्के जॅझ आणि अठ्ठ्याण्णव टक्के फंक. हे तो कित्येक वर्षं सांगत आला आहे. २०१३ साली आलेल्या त्याच्या आत्मचरित्राचं नावही तेच आहे. त्या रात्रीही लोक अशा हसले की जणू आत्ताच सुचलंय.

इथे माझ्यातल्या चाहत्याचं आणि समीक्षकाचं थोडं भांडण झालं. कारण फक्त विनोदच नव्हे, जवळपास सगळा कार्यक्रम ठरलेला होता. ‘शेक एव्हरीथिंग यू’व्ह गॉट’ तिथेच, रे चार्ल्सची नक्कल तिथेच, प्रेक्षकांकडून ओळी म्हणवून घेणंही तिथेच. १९९२च्या अल्बममधली वळणं पाठ असणाऱ्याला पुढे काय येणार ते आधीच कळत होतं. जॅझच्या मापाने मोजलं तर हा आळस आहे. पण ते माप इथे लावायचं का? संगीत नाटकांच्या काळात आपले लोक एकाच पदाला तीन-तीन वन्स मोअर देत ते नवीन काही ऐकायला मिळावं म्हणून नव्हे. तीच जागा आज कशी घेतो हे बघायला. फंकचा कार्यक्रम त्या जातीचा आहे. चाल तीच, वळण तेच, बघायचं ते बसतं कसं.

आणि ‘शेक एव्हरीथिंग’ ज्या तऱ्हेने बसलं ते सांगायलाच हवं. पंधरा-वीस मिनिटं एकच रिफ. पहिली चार मिनिटं मजा येते. पुढची तीन-चार मिनिटं कंटाळा येतो. हे मी प्रामाणिकपणे सांगतोय, मी घड्याळही बघितलं. आणि मग कान बदलतात. रिफ ऐकू येणं बंद होतं आणि त्यातल्या फटी ऐकू यायला लागतात. स्कीट कर्टिसने एका सुराची जागा केसाएवढी मागे सरकवली तर संपूर्ण हॉलचे गुडघे मागे सरकतात. मेसिओ अशा वेळी सॅक्सोफोन खाली घेऊन नुसता उभा असतो, मान खाली, एक पाय ताल देत. एक मिनिट. दोन मिनिटं. मग तो वाद्य तोंडाला लावतो आणि एकच सूर वाजवतो. फक्त एक, ऐन पहिल्या मात्रेच्या पाठोपाठ. लोक ओरडले. मीसुद्धा ओरडलो. रेकॉर्डवर हे मिळत नाही, कारण रेकॉर्डवर न वाजवणारा माणूस दिसत नाही.

माझ्या शंकेचं उत्तर बहुतेक इथेच होतं. ब्राऊनच्या रेकॉर्डवर मेसिओ हाकेची वाट बघत असायचा. आता हाक मारणारा नाही, २००६च्या नाताळातच तो गेला, पण वाट बघणं मेसिओने सोडलेलं नाही. तो अजूनही योग्य जागेची वाट बघतो, फक्त आता बोलावतो तो बँडचा ताल. साथीदाराचे संस्कार म्हणतात ते हेच. आयुष्यभर साथ केलेल्या तबलजीचा सोलो ऐकताना कधीकधी हे जाणवतं. त्याला पुढे बसूनही ऐकायची सवय सुटत नाही.

आता जे मला आवडलं नाही ते. रे चार्ल्सच्या गाण्याचा भाग. मेसिओ काळा चष्मा लावतो, रेसारखा डुलतो, आणि ‘यू डोन्ट नो मी’ गातो. तो रेचा निस्सीम भक्त आहे, रेच्या बँडमधले हँक क्रॉफर्ड आणि डेव्हिड ‘फॅटहेड’ न्यूमन हे सॅक्सोफोनवाले त्याचे आदर्श, हे सगळं खरं. आवाजही बऱ्यापैकी जमतो. पण जो माणूस सॅक्सोफोनवर कुणासारखाच वाटत नाही त्याने दहा मिनिटं दुसऱ्यासारखं का वाटावं? लोक मात्र खूश होते, मोबाईल वर झाले होते. त्याच गाण्यात त्याने पुढे अल्टोवर थोडं वाजवलं आणि तिथे वय ऐकू आलं. लांब सूर टोकाला पातळ झाला, थरथरला. वेगवान, तुटक फंकमध्ये सत्तरीतला श्वास पुरतो, कारण त्या शैलीत श्वास घ्यायला जागाच जागा आहेत. संथ गाण्यात लपायला जागा नसते. त्याच्या शैलीने त्याला म्हातारपणासाठी केवढी शिल्लक टाकून ठेवली आहे हे मला त्या एका पातळ सुराने कळलं.

बँडमधल्या नव्या ड्रमरचा एकदा एक थांबा चुकला. सगळे थांबले आणि तो अर्धी मात्रा पुढे गेला. ब्राऊनच्या बँडमध्ये हे झालं असतं तर? ब्राऊन नाचता नाचता पाठीमागे हाताची बोटं उघडून दाखवायचा. प्रेक्षकांना ती नृत्यातली अदा वाटायची. वादकांना कळायचं की एवढे डॉलर कापले. इथे मेसिओने मान वळवून बघितलं, हसला, आणि तोच थांबा पुन्हा घेतला. या वेळी बरोबर पडला.

दंडाची ही गोष्ट लोक किस्सा म्हणून सांगतात, पण तिच्या आत खरा राग आहे. १९७० साली ब्राऊनचा बँड पैसे आणि वागणूक यावरून सोडून गेला. ब्राऊनने सिनसिनाटीच्या पोरांचा एक बँड विमानाने बोलावून घेतला, त्यात किशोरवयीन बूट्सी कॉलिन्स होता. मेसिओने ‘ऑल द किंग्ज मेन’ नावाने बँड काढला, तो चालला नाही, आणि १९७३ साली तो ब्राऊनकडे परत गेला. पुढे जॉर्ज क्लिंटनकडे, ‘मदरशिप कनेक्शन’मध्ये, खूप पुढे प्रिन्सकडे, २००७ सालच्या लंडनच्या एकवीस कार्यक्रमांसह. आयुष्याची तीन पर्वं, तिन्ही दुसऱ्याच्या बँडमध्ये. दरम्यान ‘फंकी ड्रमर’मधला क्लाइड स्टबलफील्डचा ड्रमचा तुकडा हिप-हॉपमध्ये इतका कापून वापरला गेला की तुम्ही तो नक्की ऐकलेला आहे, आणि गाण्यावर संगीतकार म्हणून नाव ब्राऊनचं असल्याने स्टबलफील्डला त्यातून रॉयल्टी मिळाली नाही. त्याच रेकॉर्डवर सोलो मेसिओचा आहे. गाण्यात नाव घेतलं जाणं आणि कागदावर नाव असणं यात किती अंतर आहे ते या मंडळींना विचारा. ब्राऊनची हाक प्रेमाची होती की मालकीची, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असावी. रेकॉर्ड लावली की मात्र मला फक्त प्रेमाचीच ऐकू येते, आणि इथे माझ्या कानांवर माझा भरवसा नाही.

मेसिओ बँडची ओळख करून देतो ती बघण्यासारखी असते. प्रत्येकाचं पूर्ण नाव, सावकाश, दोनदा. मग त्याला एकट्याला वाजवू देतो आणि स्वतः बाजूला सरकून उभा राहतो. त्या रात्री यातच पाव तास गेला आणि शेजारचा एक जण वैतागून बिअर आणायला निघून गेला. कार्यक्रमाच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं, लय पडली होती. मला तो पाव तास कमी करावासा वाटला नाही.

शेवटी ‘पास द पीज’ झालं. हे आता मेसिओचंच गाणं मानलं जातं, त्याच्या कार्यक्रमात ते नसेल तर लोक घरी जायचे नाहीत. पण ब्राऊनच्या बँडने, जेबीजने, ते १९७२ साली काढलं तेव्हा मेसिओ त्या बँडमध्ये नव्हताच. तो तेव्हा बाहेर होता, त्या न चाललेल्या ‘किंग्ज मेन’मध्ये. ज्या काळात त्याला कुणी बोलावत नव्हतं त्या काळातलं ते गाणं त्याने पुढची कित्येक वर्षं रोज रात्री वाजवून स्वतःचं करून टाकलंय. ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेट रिफ धरून होते, त्याने एक छोटा सोलो घेतला, मग माइकवर आम्हा सगळ्यांचं तुमच्यावर प्रेम आहे असं काहीसं म्हणत तो विंगेत गेला. बँड वाजवतच होता. मागे गाणाऱ्या बाईंनी त्याचं नाव पुकारलं, आडनावासकट, दोनदा. तो काही परत आला नाही. आणखी एक-दीड मिनिट रिफ चालली, मग हॉलमधले दिवे लागले आणि लोक कोट शोधायला लागले.